घरचा काढा आणि छातीचा आजार
(पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



 मुलांच्या खोकल्यावर घरचे औषध द्यावे की नाही, असा प्रश्न पालक मला नेहमी विचारतात. याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कोणत्या खोकल्याला काढा द्यावा आणि कोठे थांबावे, हे आपण आज पाहू.

आपल्या घरची औषधे काही थोडीथोडकी नाहीत. कुंपणाला अडुळसा असतो, परसात तुळस आणि गवती चहा असतो, फडताळात आले, हळद, मिरी, लवंग असते. अत्ताराच्या दुकानात ज्येष्ठमध आणि कलौंजी मिळते. युनानी हकीम जो जोशांदा देतात, त्यात बनफशा, गावजबान, उन्नाब, सपिस्तान ही द्रव्ये असतात. सपिस्तान हे नाव परके वाटते, पण ते आपल्या भोकराचेच सुके फळ होय. नानी-दादींनी ही औषधे पिढ्यान्‌पिढ्या वापरली. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही.

शास्त्रानेही त्यांना नावे ठेवलेली नाहीत. अडुळशाच्या पानात व्हॅसिसीन नावाचे द्रव्य असते. त्याच्या रचनेवरून शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सीन हे औषध बनवले आणि १९६३ साली ते वापरात आले. आज कफ पातळ करणाऱ्या कित्येक औषधांत हे ब्रोमहेक्सीन किंवा त्यापासून निघालेले अ‍ॅम्ब्रोक्सॉल असते. इजिप्तच्या लोकवैद्यकात खेल्ला नावाची एक वनस्पती आहे. तिच्यातील खेलिन या द्रव्यावरून सुरू झालेल्या संशोधनातून १९६५ साली दम्यावरचे क्रोमोग्लिकेट हे औषध हाती आले. ते शोधणारे डॉ. रॉजर अल्टूनियन यांचा जन्म सीरियातील हलब शहरात झाला होता. ते स्वतः दम्याचे रोगी होते आणि इंग्लंडमध्ये काम करताना नवी द्रव्ये स्वतःवरच तपासून पाहत.

विद्यार्थी मित्रांनो, यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. पाल्यात गुण होता, पण त्यातले नेमके द्रव्य वेगळे काढून, तोलून, तपासून पाहिल्यावरच त्याचे भरवशाचे औषध झाले. हकीम अजमल खान साहेबांना हे पटले होते. त्यांच्या प्रोत्साहनाने सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सर्पगंधेचे रसायनशास्त्र अभ्यासले. १९३१ साली त्यांनी वेगळ्या केलेल्या द्रव्याला हकीमसाहेबांच्या नावावरून अजमलीन हे नाव दिले. इतका थोर हकीम आपल्या औषधांची परीक्षा व्हावी म्हणून आग्रह धरतो, तर आपण परीक्षेला का भ्यावे?

आता व्यवहाराकडे वळू. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप उतरते. अशा वेळी आल्याचा किंवा गवती चहाचा कोमट उकाळा आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या यांनी घशाला आराम पडतो. रात्री झोपताना चमचाभर मध दिल्यास मुलांचा खोकला थोडा कमी होतो, हे प्रयोगांत दिसून आले आहे. मात्र एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच चाटवू नये. मधातील जंतूंमुळे त्याला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे समजू नका. धोत्राही नैसर्गिकच आहे! ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो. गरोदर स्त्रीने अडुळसा घेऊ नये, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते. लहान मुलाला उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफ देताना भांडे कलंडून मूल भाजते. दम्याच्या काही ‘जडीबुटी’ पुड्यांत तर गुपचूप स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. म्हणून नाव-पत्ता नसलेली पुडी घरात आणू नये.

काढा सोडून बाजारातील खोकल्याची बाटली आणावी, असेही माझे म्हणणे नाही. विषारी द्रव्य मिसळलेल्या सिरपमुळे २०२२ साली गांबियात आणि २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात लहान मुले दगावली. त्यानंतर केंद्र सरकारने कळवले की, दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देण्यासारखी नाहीत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलाला बाटली देऊ नका.

आता ज्या तीन ठिकाणी काढ्यावर विसंबून मुळीच थांबू नये, ती सांगतो.

पहिले ठिकाण म्हणजे लहान मुलाचा वेगाने चालणारा श्वास. मूल शांत असताना घड्याळ घेऊन पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा मूल दूध पीत नसेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

दुसरे ठिकाण म्हणजे दोन आठवड्यांहून जुना खोकला. त्यात ताप, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त पडणे असेल, तर एक दिवसही घालवू नये. ही क्षयाची लक्षणे असू शकतात. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. सकस आहारासाठी दरमहा मिळणारी मदत २०२४ साली ५०० रुपयांवरून १,००० रुपये करण्यात आली. साध्या क्षयाचा उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो आणि तो पुरा केल्यास रोगी बरा होतो. लोक काय म्हणतील, या भीतीने आजार लपवला तर तो घरातल्या मुलांना लागतो.

तिसरे ठिकाण म्हणजे दमा. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप हे शेवटचे औषध’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. हिशेब पाहा. सालब्युटामॉलच्या एका गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम औषध असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे मोठी गोळी चाळीस फवाऱ्यांएवढी झाली! पंपाचे औषध थोडे असते आणि थेट श्वासनलिकेत पोहोचते. मात्र धाप तात्पुरती थांबवणारा पंप एकटा पुरत नाही. आतली सूज कमी करणारे औषध डॉक्टर देतील, ते नेमाने घेतले पाहिजे. कलौंजीविषयी आपल्या मनात आदर आहे, आणि दम्यावर तिचे काही छोटे प्रयोग आशादायक ठरले आहेत. पण अशा प्रयोगांत बहुधा रोग्यांची नेहमीची औषधे चालू ठेवूनच कलौंजी दिलेली होती. हवी तर डॉक्टरांना सांगून ती घ्या, पण तिच्यासाठी पंप बंद करू नका.

माताभगिनींना माझी खास विनंती आहे. स्थळ मोडेल म्हणून मुलीचा पंप लपवून ठेवू नका. दप्तरात उघड पंप ठेवणारी मुलगी धावू शकते, शिकू शकते, संसार करू शकते. लपवलेला पंप ऐन वेळी हाताशी नसतो आणि दम्याच्या झटक्यात जीवही जातो. रमजानमध्ये शंका असेल तर डॉक्टर आणि मौलाना या दोघांनाही विचारा. आजारी माणसाला रोजा पुढे नेण्याची सवलत आहे, हे आपण जाणताच.

शेवटी, छातीला जपायचे तर धूर आधी थांबवावा लागेल. बापाने ओटीवर बसून विडी ओढायची आणि मुलाने माजघरात काढा प्यायचा, यात काय अर्थ आहे? चुलीच्या खोलीला धूर जाण्यास वाट करा आणि बंद खोलीत रात्रभर डासांची कॉइल जाळू नका.

अडुळशाचे झाड तोडा, असे मी म्हटलेले नाही. ते कुंपणाला खुशाल असू द्या. मात्र दोन आठवडे मोजण्यासाठी भिंतीवर दिनदर्शिका आणि श्वास मोजण्यासाठी घड्याळ, या दोन वस्तूही काढ्याच्या भांड्याइतक्याच कामाला आणा.