टिकाऊपणाचे माप

घरगुती यंत्रांचा विषय निघाला की वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते : 'त्या काळची यंत्रे मोडतच नसत.' कपडे धुण्याच्या यंत्रापुरते हे विधान मला आज तपासून पाहावयाचे आहे.

अमेरिकेच्या आयोवा राज्यात न्यूटन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील मेटॅग कंपनी आरंभी शेतीची अवजारे बनवीत असे. १९०७ साली ती धुलाईयंत्रांकडे वळली. पुढे तिची ओतीव ॲल्युमिनियमच्या पिपाची यंत्रे प्रसिद्धीस आली. पिपावर दोन रबरी रूळ असत व त्यांमधून कपडा पिळून निघे. वीज न पोचलेल्या शेतघरांसाठी पेट्रोलच्या लहान इंजिनावर चालणारी यंत्रेही होती. सर्वस्वी स्वयंचलित यंत्रे रूढ झाल्यानंतरही रुळांच्या यंत्रांचे उत्पादन १९८३ पर्यंत चालू होते.

ही यंत्रे टिकली, कारण त्यांत बिघडण्याजोगे फारसे काही नव्हतेच. पाणी भरणे, वेळेकडे लक्ष ठेवणे, कपडे रुळांत घालणे ही सारी कामे गृहिणी करी. कधी कधी तिची बोटेही त्या रुळांत सापडत. शिवाय, जी मोडली ती केव्हाच भंगारात गेली. आज आपल्याला दिसतात ती केवळ उरलेली.

तरीही आयुष्य घटले आहे, हे नाकारता येत नाही. नॉर्वेतील संशोधकांना असे आढळले, की तेथील धुलाईयंत्रांचे सरासरी आयुष्य पूर्वी सुमारे १९ वर्षे होते, ते पुढे ११ वर्षांच्याही खाली आले. परंतु वर्षे हे अपुरे माप होय. आठवड्यातून दोनदा चालणारे यंत्र वीस वर्षांत सुमारे २,००० वेळा धुणे धुते. आठ वेळा चालणारे यंत्र दहाच वर्षांत ४,००० हून अधिक वेळा. मग अधिक टिकाऊ कोणते म्हणावे?

एका बाबतीत मात्र जुन्यांची तक्रार मला रास्त वाटते. समोरून उघडणाऱ्या यंत्रात ड्रमचा आस मागील बेअरिंगवर फिरतो. रबरी सील झिजले, की पाणी आत शिरते, बेअरिंग गंजते आणि कपडे पिळताना यंत्र घरघरू लागते. पूर्वी ड्रमभोवतीच्या टाकीचे दोन भाग स्क्रूंनी जोडलेले असत. कारागीर ते सोडवून नवे बेअरिंग बसवी. आता अनेक यंत्रांत प्लॅस्टिकच्या टाकीचे दोन्ही भाग एकमेकांस कायमचे सांधलेले असतात. बेअरिंग स्वस्तच असते, पण त्यासाठी टाकीचा संपूर्ण जोड घ्यावा लागतो, आणि ती किंमत ऐकून गृहस्थ नव्या यंत्राच्या शोधात निघतो. काही धाडसी कारागीर ती टाकी करवतीने कापतात, बेअरिंग बदलतात आणि स्क्रू व चिकटद्रव्य वापरून पुन्हा जोडतात. त्यांच्या कौशल्याचे मला कौतुक वाटते. ते दाखविण्याची पाळी त्यांच्यावर यावी, याचे मात्र वाटत नाही.

१ मार्च २०२१ पासून युरोपीय संघात लागू झालेल्या नियमानुसार धुलाईयंत्रांचे ठरावीक सुटे भाग निदान दहा वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. त्या यादीत ड्रम आहे, बेअरिंगही आहे. फक्त ते स्वतंत्रपणे द्यावे की एकत्र, हे उत्पादकाच्या मर्जीवर सोडलेले आहे.