वाद्य घ्यावे कसे?



गिटार असो की तंबोरा, आजकाल फोनवर चित्र पाहून वाद्य घरबसल्या मागविता येते. त्यात गैर काही नाही. एक दिवसाची मजुरी बुडवून शहर गाठणे ज्याला परवडत नाही, त्याची ही सोयच झाली. पण चित्राला आवाज नसतो.

आपल्या पळसदेवची भीमा पुढे पंढरपुराकडे जाते. त्या भागातला भोपळा मिरजेस जातो आणि त्याचा तंबोरा होतो. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथला कारागीर घोडीचा माथा घाशीत पुनःपुन्हा तार छेडून पाहतो. यालाच जवारी काढणे म्हणतात. ती साधली तरच तार गुंजते. जे काम कानाने होते, त्याची पारखही कानानेच व्हावी. गिटारीचेही तसेच. तार दांडीपासून किती उंच आहे, हे बोटालाच कळते.

नाइलाजाने दुरून मागवाल, तर परतीची अट आधी वाचा. २०२० च्या नियमांप्रमाणे ती सांगणे विक्रेत्यास बंधनकारक आहे. जाता येत असेल, तर दुकानात जाऊन वाजवून पाहा. मात्र तेथे तासभर वाजवून, सल्ला घेऊन, चार पैसे वाचतात म्हणून तेच वाद्य दुसरीकडून मागविले, तर ती दुकानातल्या माणसावर लादलेली वेठच झाली. ज्याचे श्रम घेतले त्याचे दाम द्यावे, हे आम्ही कामगार चळवळीत शिकलो. वाद्याच्या खरेदीलाही तोच न्याय लागू आहे.