शाळेच्या पायऱ्या आणि आपलीं अपंग मुलें
(चावडीपुढें पालकांच्या बैठकींत केलेलें भाषण)



सुगीच्या घाईंतून आपण आलां, म्हणून पाल्हाळ लावीत नाहीं. कुंभारवाड्यांतील एक नऊ वर्षांची मुलगी अजून घरींच आहे. पाय लुळे. बापास विचारलें तर म्हणतो, "गुरुजी, मागल्या जन्मींचे भोग. शिकून काय करील?" हें मागल्या जन्माचें खातें कोणीं पाहिलें आहे? ज्यांनीं तें सांगितलें त्यांचीं पोटें त्यावर भरलीं. आपल्या लेकरांच्या वांट्यास उंबरठा आला.

पण एकट्या बापास काय बोलावें? शाळेच्या चार पायऱ्या आम्ही रोज चढतों. सरपटणारें मूल त्या कसें चढेल, हें आमच्या मनांत कधीं आलें नाहीं. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं या करवीर राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. त्याच मुलुखांतले आम्ही मास्तर! लाज वाटते.

कोल्हापूरच्याच नसीमा हुरजूक यांचें पाहा. सोळा-सतरा वर्षांच्या वयांत कमरेखालचें अंग निकामी झालें. जगण्यांत राम उरला नाहीं, असें त्यांस वाटूं लागलें. मग बाबूकाका दिवाण भेटले. ते स्वतः चाकाच्या खुर्चीवरचे. त्यांच्यामुळें बाईंस उभारी आली. शिकल्या, सरकारी नोकरी केली, आणि १९८४ सालीं "हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड" ही संस्था काढली. उंचगांवचें "घरौंदा" वसतिगृह तिचेंच. तिच्या शाळेंत अपंग व धडधाकट मुलें एका वर्गांत शिकतात. सिंधुदुर्गांत काजूचा कारखाना काढून अपंगांच्या हातांस कामहि दिलें. "चाकाची खुर्ची" हें बाईंचें आत्मचरित्र वाचतां येणारानें घरांत मोठ्यानें वाचावें.

आणि आपण कारागीर माणसें! कुंभाराचें चाक, चांभाराची रापी, शिंप्याची सुई, हीं बसूनच करावयाचीं कामें. तरी पाय गेले कीं माणूस गेलें म्हणतों.

२०१६ च्या कायद्यानें ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षेंपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा आहेत. दाखला सरकारी दवाखान्यांतून मिळतो. कागद भरण्यास आमच्याकडे या.

आतां काम. फूटभर उंचीस बारा फूट लांब उतार लागतो. आपल्या पायऱ्या दोन फूट, म्हणजे उतार चोवीस फुटांचा. गवंडी मंडळींनीं रविवारीं यावें. दगड ओढ्यांत आहे, सिमेंटचे पैसे आम्ही देतों. मुलीचें नांव हजेरीपटावर घातलें आहे. सोमवारीं तिला आणावयास आम्ही स्वतः कुंभारवाड्यांत येऊं.