चालत्या पट्ट्यावर चालण्याची रीत

(महाजन कुटुंबांच्या बेळगाव येथील मेळाव्यात केलेले भाषण)



देवस्थानच्या मेळाव्यात ट्रेडमिलसारख्या यंत्राचा विषय निघावा, याचे कोणाला नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आजच्या आपल्या घरांकडे पाहिले म्हणजे ते नवल फार काळ टिकत नाही. मोरमुगावची रेल्वे होण्यापूर्वी जी कुटुंबे गोव्यातून घाट चढून या बाजूस आली, त्यांच्या दृष्टीने चालणे हा व्यायाम नव्हता, ती गरज होती. आज दारात वाहन उभे असते. ती गरज संपली आणि तिच्याबरोबर चालणेही संपले. मधुमेह, रक्तदाब व गुडघेदुखी मात्र घरोघर येऊन राहिली.

बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी फिरायला जाणारी मंडळी आहेत, ही समाधानाची गोष्ट. पण जून ते सप्टेंबर आपल्या भागातला पाऊस ठाऊकच आहे. फरशीवर शेवाळ धरते, रस्त्यावर डबकी साचतात आणि साठी ओलांडलेला माणूस घराबाहेर पडायला कचरतो. निपाणीकरांना महामार्गाच्या कडेने पहाटेच्या अंधारात फिरण्याचा धोका निराळा सांगायला नको. अशा वेळी परगावी वा परदेशी असलेली मुले आईवडिलांसाठी ट्रेडमिल घेऊन देतात. यंत्र घरात येते; त्यावर चालावे कसे, हे सांगणारा मात्र त्याच्याबरोबर येत नाही. मग त्या यंत्राच्या दोन गती होतात. एक, पावसाळ्यात त्यावर ओले कपडे वाळत पडतात. दुसरी, घरातील वडीलधारी व्यक्ती पुढची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून, कमरेत वाकून, पायांकडे पाहत रोज अर्धा तास त्यावर कशीबशी पावले टाकते. पहिल्या गतीत पैसा वाया जातो. दुसरीत शरीराचे नुकसान होते, म्हणून ती अधिक चिंतेची.

माझे सांगणे थोडक्यात असे आहे : दांडी धरल्यावाचून ज्या वेगाने चालता येत नाही, तो वेग आपला नव्हे.

दांडी धरण्याची ही सवय आली कोठून? या यंत्राचा एक पूर्वज इंग्लंडच्या तुरुंगात सापडतो. 1818 च्या सुमारास विल्यम क्युबिट नावाच्या अभियंत्याने कैद्यांसाठी पायऱ्यांचे मोठे फिरते चाक योजले. कैदी समोरचा दांडा धरून तासन्‌तास त्या पायऱ्या चढत राहत. 1898 च्या तुरुंग कायद्यानंतर ती शिक्षा तेथून हद्दपार झाली. पुढे चालता पट्टा वैद्यकाच्या सेवेत आला. अमेरिकेत सिॲटल येथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी 1963 मध्ये मांडलेली तपासणीची पद्धत आजही रुग्णालयांत वापरली जाते. तिचा आरंभ ताशी 2.7 किलोमीटर वेगाने व शेकडा 10 चढाने होतो आणि दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढविले जातात. आपल्यापैकी पुष्कळांची ट्रेडमिलशी पहिली ओळख ‘टी.एम.टी.’च्या निमित्ताने रुग्णालयातच होते. छातीला तारा लावलेल्या, मनात धास्ती, वेग दुसऱ्याच्या हाती. अशा स्थितीत माणूस दांडी धरणारच. वस्तुतः तेथेही दांडीला बोटे नुसती टेकवावीत, असेच सांगितले जाते. कारण घट्ट धरल्यास शक्ती आहे त्याहून अधिक दिसते. तपासणी हृदयाचा कस पाहण्यासाठी असते, घरचे चालणे प्रकृती राखण्यासाठी. तपासणीच्या खोलीतली सवय घरी आणण्याचे कारण नाही.

दांडी धरल्याने होते काय, ते पाहू. शरीराचा काही भार हातांवर जातो आणि पायांचे काम तितके हलके होते. यंत्र मात्र वेगावरून हिशेब करते. त्यामुळे पडद्यावर दिसणारा उष्मांकांचा आकडा फसवा ठरतो. खांदे वर चढतात, पाठ वाकते, मान अवघडते. सर्वांत मोठी हानी तोलाची. मोकळ्या चालण्यात उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे येतो व शरीर स्वतःला सावरत राहते. हात बांधले गेले की तोल सावरण्याचा तो अभ्यासच थांबतो. चढ लावून, दांडीला लोंबकळून मागे झुकणारे तर चढाचा लाभ आपल्याच हातांनी घालवतात.

आता प्रत्यक्ष रीत. आरंभी पट्ट्यावर उभे राहू नये. दोन्ही बाजूंच्या न हलणाऱ्या कडांवर पाय ठेवावेत, ‘सेफ्टी की’ची दोरी अंगावरील कपड्याला अडकवावी आणि पट्टा अगदी मंद वेगाने सुरू झाल्यावर, दांडी धरून, एकेक पाऊल त्यावर ठेवावे. चढताना व उतरताना दांडीचा आधार घेण्यात कमीपणा नाही. ती त्यासाठीच आहे. पावले स्थिर झाली की एक हात सोडावा, मग दुसरा. कोपरे किंचित वाकवून हात सहज हलू द्यावेत. पट्ट्याच्या मधोमध चालावे. मागे सरकत गेल्यास वेग जास्त झाला असे समजावे. दृष्टी समोर ठेवावी, पायांकडे वा हातातल्या मोबाइलकडे नको. टाच आधी टेकावी, मग तळवा, शेवटी बोटांनी मागे रेटा. लांब ढांगा टाकू नयेत. आखूड पावले गुडघ्यांना मानवतात.

प्रदक्षिणेविषयी आपल्याकडे एक जुना दृष्टांत आहे : आसन्नप्रसवा स्त्रीने तेलाने भरलेला घडा घेऊन जसे चालावे, तसे चालावे. प्रदक्षिणेची ती संथ गती व्यायामाला पुरणार नाही. पण मस्तक स्थिर, पाठ सरळ आणि पाऊल जाणीवपूर्वक, एवढी त्यातील ठेवण पट्ट्यावरही तंतोतंत लागू पडते.

वेग किती असावा? नवख्याने ताशी दोन-तीन किलोमीटरपासून आरंभ करावा. चालताना बोलता यावे, परंतु गाता येऊ नये, इतपत श्रम पुरेसे. परदेशी बनावटीच्या यंत्रावर आकडे मैलांत आहेत की किलोमीटरमध्ये, हे आधी पाहावे. चार मैल म्हणजे जवळजवळ साडेसहा किलोमीटर होतात आणि तो वेग वृद्धांचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. पाच दिवस अर्धा तास चालले की तो हिशेब पुरा होतो. पहिली व शेवटची पाच मिनिटे संथ असावीत. एकदम थांबल्यास पोटऱ्यांकडून रक्त वर ढकलण्याचे काम अचानक मंदावते आणि चक्कर येऊ शकते. उतरल्यावर जमीन सरकते आहे असा क्षणभर भास होतो. तो ओसरेपर्यंत दांडी सोडू नये.

काही पथ्ये सांगतो. वहाणा घालून वा अनवाणी चालू नये; मधुमेह्यांनी तर मुळीच नाही. साडीचा घोळ व पदर आवरलेला असावा, शक्यतो सुटसुटीत पोशाख करावा. यंत्राच्या मागे सहा-साडेसहा फूट जागा मोकळी हवी. भिंतीला खेटून ठेवलेल्या यंत्रावर घसरलेला माणूस भिंत आणि पट्टा यांत अडकतो. पावसाळ्यात वीज अचानक जाते व पट्टा थांबतो, म्हणून दांडी धरायची नसली तरी हाताच्या टप्प्यात असावी. नातवंडे घरात असतील तर चालणे आटोपताच की काढून कपाटात ठेवावी. 2021 मध्ये अमेरिकेत एका बालकाच्या मृत्यूनंतर एका कंपनीला सुमारे सव्वा लाख यंत्रे परत मागवावी लागली होती. छातीत, जबड्यात वा डाव्या हातात दुखू लागल्यास, दम कोंडल्यास किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास ताबडतोब थांबावे आणि वैद्यांकडे जावे. ज्यांना हृदयविकार आहे, अर्धांगवायू होऊन गेला आहे किंवा पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी वैद्यांच्या सल्ल्यावाचून आरंभ करू नये. अशांना दांडीला बोटे टेकविण्याची मुभा अवश्य आहे. पण त्यांचा वेगही त्या मानाने कमीच असावा.

हा सारा प्रपंच कशासाठी? उतारवयात एकदा पडून खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो आणि त्याच्याबरोबर सारे घर खिळते. उत्सवाला देवस्थानी जाणे, आपल्या पायांनी पायऱ्या चढणे, पंगतीत उभे राहून चार पाने वाढणे, एवढे सुख टिकवायचे तर तोल आणि पायांतले बळ दोन्ही राखले पाहिजे. त्यासाठी यंत्राचा वेग वाढविण्याची घाई नको. आज रात्री घरी गेल्यावर एवढेच करा : वेग इतका कमी करा की दोन्ही हात सुटतील. तो वेग कितीही थोडा असला तरी आपला खरा आरंभ तेथूनच आहे.