मंडईचा मनोरा आणि जोतीरावांचा प्रश्न



परगांवचा पाहुणा पुण्यास आला कीं आपण त्याला शनिवारवाडा दाखवितों, पर्वती दाखवितों, आणि परततांना भाजी घ्यावयाची म्हणून वाटेंत मंडईंत शिरतों. तेथें पाहुणा मान वर करून पाहूं लागतो. आपली दृष्टि मात्र मेथीच्या जुडीवर असते. घरच्या माणसाचा चेहरा निरखून पाहण्याचें जसें राहून जातें, तसेंच ह्या इमारतीच्या बाबतींत आपल्या हातून झालें आहे. म्हणून आज मी आपल्याला मंडई दाखविणार आहें. मी कांहीं वास्तुशास्त्राचा जाणकार नव्हें. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों आणि मुलांना अंकगणित व भूमिति शिकवितां शिकवितां निवृत्त झालों. अष्टकोन म्हणजे काय हें फळ्यावर सांगून समजेना, म्हणून मी वर्गच्या वर्ग मंडईंत नेत असें. ह्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय तो एवढाच.

एके काळीं पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील उघड्या पटांगणांत भरत असे. मृगाचा पाऊस पडला कीं चिखल, आणि वैशाखांत धूळ. विकणारा उन्हांत आणि विकत घेणाराहि उन्हांत. १८८२ सालीं नगरपालिकेनें शुक्रवार पेठेंत पक्की, बांधीव मंडई उभारण्याचें ठरविलें. खर्च सुमारें ३ लाख रुपयांचा होता. १८८६ सालीं मंडई सुरू झाली, आणि मुंबई इलाख्याचे तेव्हांचे गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्या नांवावरून लोक तिला ‘रे मार्केट’ म्हणूं लागले.

आतां त्या इमारतीसमोर क्षणभर उभे राहूं या. मधोमध अष्टकोनी मनोरा, उंची सुमारें ८० फूट. आणि त्याच्या भोंवतीं चाकाच्या आऱ्यांप्रमाणें फांकलेलीं लांबट दालनें. दगड आपल्या दख्खनचाच, काळा व टणक; कमानी मात्र टोकदार, विलायतेंतील गॉथिक वळणाच्या. वाड्यांतील महिरपींची संवय असलेल्या पुणेकरांना त्या प्रथम परक्याच वाटल्या असतील. परंतु वळण बाजूला ठेवून नुसती योजना पाहावी. नवखा माणूस येथें फार वेळ वाट चुकत नाहीं, कारण मनोऱ्याच्या रोखानें चालत गेलें कीं मध्य सांपडतोच. छपरें उंच व उतरतीं आहेत. पावसाचें पाणी त्यांवर थांबत नाहीं, आणि गर्दीनें तापलेली हवा वर चढून जाते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे गाळ्याचा ओटा. आठवडेबाजारांत भाजीवाली जमिनीवर बसते आणि गिऱ्हाईक उभ्यानें, वरून खालीं पाहत भाव करतें. मंडईंत ओट्यावर बसलेल्या भाजीवालीचें तोंड गिऱ्हाइकाच्या तोंडाच्या बरोबरीला, किंबहुना किंचित् वरच येतें. भाव करतांना कोणालाच वांकावें लागत नाहीं. एका ओट्याच्या उंचींत केवढी प्रतिष्ठा सामावली आहे! इमारतीचा गुण तिच्या कळसावरून जोखण्याची आपल्याला खोड आहे. मी तो तिच्या ओट्यावरून जोखतों.

हें सगळें मी एकदां मुलांना मोठ्या उत्साहानें सांगत होतों. त्या काळीं आमची शाळा एका जुन्या वाड्यांत भाड्यानें भरत असे. पावसाळ्यांत माझ्या वर्गांत तीन ठिकाणीं गळे, आणि मुलें बांक सरकवून मधल्या कोरड्या जागेंत बसत. माझें व्याख्यान संपल्यावर एका मुलानें हात वर केला. त्याची आई मंडईंतच भाजी विकत असे. तो म्हणाला, “गुरुजी, कांदेबटाट्यांना एवढी चांगली इमारत, मग आपल्याला कां नाहीं?” वर्ग हंसला. मीहि हंसलों. पण उत्तर मात्र मला देतां आलें नाहीं, आणि पुष्कळ दिवस तो प्रश्न माझ्या मनांतून जाईना.

पुढें महात्मा जोतीराव फुले ह्यांचें चरित्र वाचतांना तोच प्रश्न मला पुन्हां भेटला. जोतीराव १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणें नगरपालिकेचे सभासद होते. १८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागताच्या शोभेसाठीं १,००० रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हां त्यांनीं एकट्यानें विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असें त्यांचें म्हणणें होतें. मंडईचा ठराव आला तेव्हांहि त्यांनीं व हरि रावजी चिपळूणकर ह्यांनीं विरोध केला. एवढी रक्कम बाजाराच्या इमारतींत घालण्यापेक्षां ती प्राथमिक शिक्षणाकडे लावावी, असें जोतीरावांचें मत होतें. त्याच १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन देऊन त्यांनीं बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची कड घेतली होती, हें येथें ध्यानांत ठेवावें.

कोणी म्हणेल, त्यांना बांधकामाचें महत्त्व काय ठाऊक! तर तसें नव्हे. जोतीराव स्वतः बांधकामाचे मक्ते घेत. दगडचुन्याचा भाव आणि गवंड्याची मजुरी त्यांना सभागृहांतील बहुतेकांपेक्षां अधिक ठाऊक असली पाहिजे. भाजीवाल्यांविषयीं त्यांना आस्था नव्हती, असें तर म्हणतांच येणार नाहीं. ते माळी समाजांतले होते, आणि शेतकऱ्याची बाजू त्यांनीं जन्मभर मांडली. १८४८ सालीं त्यांनीं मुलींची शाळा काढली ती स्वतःच्या इमारतींत नव्हे, तर बुधवार पेठेंतील भिड्यांच्या वाड्यांत. ज्यानें दुसऱ्याच्या वाड्यांत शाळा चालविली, त्यानें ३ लाखांचा आंकडा ऐकून ‘आधीं शाळा’ म्हणावें ह्यांत नवल तें काय?

तर मग मंडई बांधली ही चूक झाली काय? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर मला तसें म्हणवत नाहीं. त्या इमारतीनें आपला खर्च फेडला आहे. गेल्या सव्वाशेंहून अधिक वर्षांत ज्या शेंकडों कुटुंबांनीं तिच्या ओट्यांवर संसार चालविले, तीं बहुतांशीं कष्टकऱ्यांचींच. कांहीं काळ नगरपालिकेची कचेरीहि ह्याच इमारतींत होती. म्हणजे नगराचा कारभार वर आणि वांग्यांचा भाव खालीं! कारभाऱ्यांना प्रजेच्या गर्दींतून वाट काढीत कचेरींत जावें लागे, हा त्या रचनेचा मला मोठाच गुण वाटतो. १९२४ सालीं मंडईच्या आवारांत लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला. मोतीलाल नेहरूंच्या हस्तें त्याचें अनावरण झालें. तेथें होणाऱ्या राजकीय सभांमुळें लोक त्या जागेला ‘मंडई विद्यापीठ’ म्हणूं लागले. कांदेबटाट्यांसाठीं बांधलेल्या इमारतीनें अखेरीस शाळेचेंहि थोडें काम केलें म्हणावयाचें.

आणि नियतीचें कौतुक असें कीं, आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतांना त्यांच्या पुढाकारानें ह्या मंडईला महात्मा फुल्यांचेंच नांव मिळालें. १८६९ सालीं मुंबईंत बांधलेल्या क्रॉफर्ड मार्केटलाहि पुढें त्यांचेंच नांव देण्यांत आलें. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं पुण्यांत मेट्रोचें भुयारी स्थानक सुरू झालें, त्याचेंहि नांव महात्मा फुले मंडई. ज्या इमारतीला त्यांनीं विरोध केला, तिच्यावर त्यांचें नांव! ह्यांत कोणाला विसंगति दिसेल. मला तसें वाटत नाहीं. विरोधकाचें नांव दारावर कोरलें म्हणजे त्याचा प्रश्न विसरण्याची सोय राहत नाहीं; मात्र आंत जाणाऱ्यानें तें नांव वाचलें पाहिजे.

आज आपल्या शहरांत दर वर्षीं व्यापारी संकुलें उठत आहेत. त्यांतलीं कित्येक मीं पाहिलीं. समोर काचेची भिंत. तींतून ऊन आंत येतें, म्हणून पडदे. पडद्यांनीं अंधार, म्हणून दिवसा दिवे. आणि हवा खेळत नाहीं, म्हणून गारव्याचें यंत्र. म्हाताऱ्या माणसानें पायऱ्यांवर टेकावें तर रखवालदार उठवितो. इमारत उंच आहे, पण तिला ओटा नाहीं. खासगी इमारतीच्या मालकाला आपण काय सांगणार? परंतु जी इमारत आपल्या करांतून उभी राहते, तिच्याबद्दल तीन प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक घराला आहे. पैसा कोणाचा? सांवली कोणाला? आणि हा खर्च केल्यामुळें कोणतें काम मागें पडलें? पहिल्या दोन प्रश्नांना मंडई आजहि उत्तर देते. तिसरा प्रश्न जोतीरावांचा, आणि माझ्या त्या विद्यार्थ्याचा. त्याचें उत्तर कोणत्याहि दगडांत सांपडत नाहीं. तें ठराव करणाऱ्यांनींच द्यावयाचें असतें.

मंडईपासून थोड्याच अंतरावर भिड्यांच्या वाड्याची जागा आहे. मोडकळीस आलेला तो वाडा डिसेंबर २०२३ मध्यें पाडण्यांत आला, आणि तेथें जोतीराव व सावित्रीबाईंचें राष्ट्रीय स्मारक उभारण्याचें ठरलें आहे. स्मारक अवश्य व्हावें. पण तें नुसतें हात जोडून परत फिरण्याचें स्थळ होऊं नये. आसपासच्या पेठांतील ज्या मुलींना घरीं अभ्यासाला कोपरा नाहीं, त्यांना तेथें बसावयाला जागा असावी, वाचावयाला पुस्तक असावें, आणि वरून पाणी गळूं नये. एवढें झालें तर त्या मुलाला द्यावयाचें माझें उत्तर मला मिळालें असें मी समजेन. तो आतां स्वतः मंडईंत आईच्याच गाळ्यावर बसतो. भेटला कीं वजनापेक्षां चार मिरच्या जास्त टाकतो, आणि त्या प्रश्नाबद्दल दोघेहि कांहीं बोलत नाहीं.

उद्यां भाजी आणावयास जाल तेव्हां जुडी पारखून घ्या. पण दारांतलें नांव वाचा, आणि एकवार मान वर करून मनोऱ्याकडेहि पाहा.