‘सध्या काय करतोस?’

(जयसिंगपूर येथे पदवीधर तरुण-तरुणींसमोर केलेलं भाषण)



बी.एस्सी. झाल्यावर चार वर्षं मला एकच प्रश्न यायचा, ‘अब क्या चालू है, बेटा?’ माझं उत्तर पाठ होतं: ‘एमपीएससीची तयारी.’

खरं उत्तर वेगळं होतं. सकाळी सातवी-आठवीच्या मुलांची शिकवणी, दुपारी अब्बांच्या दुकानात, उसाच्या हंगामात मामूंच्या ट्रॅक्टरच्या खेपांचा हिशेब. अभ्यासिकेत जेमतेम दोन तास. मी रिकामा नव्हतो, पण या तुकड्या-तुकड्यांच्या कामाची लाज वाटायची. म्हणून ‘तयारी’ हा शब्द पुढे करायचो.

सरकारी मोजणीत मी बेरोजगारही नव्हतो. केंद्राच्या श्रमबल पाहणीत, साप्ताहिक निकषानुसार, मागच्या सात दिवसांत एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. घरच्या दुकानातली बिनपगारी मदतही त्यात येते. आकड्यात काम, खिशात काही नाही!

माझी आपा एम.ए. झालेली. तिला ‘काय करतेस?’ असं कुणी विचारलंच नाही. विचारायचे ते अम्मीला, ‘स्थळ बघताय का?’ ती घरी शिलाई करायची आणि माझ्या अभ्यासिकेची फी भरायची. तिच्या कामाला आम्ही काम म्हटलं नाही, माझ्या थांबण्याला मात्र तयारी म्हटलं. हा अन्याय माझ्याच घरात, माझ्यासाठी झाला.

हे शहर शाहू महाराजांनी वसवलं. १९०२ साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखल्या. १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिमांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली. शिक्षण आणि रोजगार त्यांनी वेगळे मानले नाहीत. आज राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन मिळतं. अनुभवासाठी जरूर घ्या, पण ती नोकरी नव्हे; मुदत संपते. कायम रोजगाराची मागणी आपण सोडायची नाही.

तोवर तीन गोष्टी करा. परीक्षेच्या तयारीला शेवटची तारीख ठरवा आणि ती घरात सांगा. जे काम करताय त्याचं नाव न लाजता घ्या, त्याचा मोबदला मागा. आणि आज घरी गेल्यावर बहिणीला विचारा, ‘तुला काय करायचंय?’

मी फार उशिरा विचारलं. आता आपा आणि मी मिळून शिकवणीचे वर्ग चालवतो. फीचा हिशेब दोघांच्या नावावर असतो.