कऱ्हाकाठचा ‘र’

बारामती कऱ्हेच्या काठावर वसली. मोरोपंतांनी याच गावात आर्या रचल्या, १७९४ साली इथंच देह ठेवला. आता ‘आर्या’ आणि ‘कऱ्हा’ हे शब्द डोळ्यांपुढं आणा. दोन्हींत र अर्धाच. पण एक ‘य’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसरा ‘ह’च्या आधी पापणीसारखा आडवा होतो. रफारानं आधीच्या अक्षरावर जोर येतो, पापणीनं येत नाही. ‘दर्या’तला द गुरू, ‘दऱ्या’तला लघू. कवीला हा एका मात्रेचा हिशेब जिवाभावाचा.

बऱ्याच वर्षांपूर्वी मेंढरं घेऊन दऱ्या उतरणाऱ्या धनगरांवर मी कविता लिहिली. छापून आली तेव्हा ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झालेला. इंदापूरचा एक पोरगा म्हणाला, “चाचा, धनगर समुद्रात कशाला गेले?” हसलो, पण वृत्तही मोडलं होतं. फारसीतून आलेला दर्या माझा, सह्याद्रीतल्या दऱ्याही माझ्याच. म्हणून तर अदलाबदल सोसवेना.

मग एका जाणत्याकडून समजून घेतलं. यंत्र अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवतं आणि चित्र नंतर काढतं. ‘भिगवण’मध्ये ते आधी भ साठवतं, मग वेलांटी, काढताना मात्र वेलांटी पुढं आणावी लागते. साध्या र चा पाय मोडला की रफार. पापणी हवी तर ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. १९९१च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात ही सोय होती, युनिकोडमध्येही आहे. युनिकोडमध्ये दुसरी वाटही आहे : साधा र, पायमोड आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला शब्द एकच, पोटात दोन. म्हणून शोधताना कधी सापडतो, कधी नाही.

पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’ कार्डानं संगणकाला आपल्या लिप्या शिकवल्या. आज दिव्यांच्या पाट्यांत, छोट्या छपाईयंत्रांत अक्षर काढणारी आज्ञावली चिपमध्येच भरलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. पाटी एकदा खांबावर चढली की तिच्यातली चूक सुधारायला कोण चढणार?

आज्ञावली लिहिणारे अशा अक्षरांना ‘काठावरची प्रकरणं’ म्हणतात. हिंदीत ही पापणी लागत नाही. त्यामुळं हिंदी मजकुरावर तपासलेलं यंत्र बिनचूक वाटतं. पण मराठीत ‘येणाऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘बिचाऱ्या’ यांच्याशिवाय पान सरतं का? ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातच ती आहे. म्हणजे हा काठ नव्हे, भर पेठ आहे.

तेव्हा यंत्र विकत घेणाऱ्यांनी एवढंच करावं : पैसे मोजण्याआधी त्यावर ‘भिगवण’, ‘कऱ्हा’, ‘दर्या’, ‘दऱ्या’ आणि ‘शेतकऱ्यांना’ हे पाच शब्द उमटवून पाहावेत. पाचही नीट आले, तरच म्हणावं की यंत्राला मराठी येतं.